अँटिसायकोटिक गोळ्या: कोणती, किती आणि कधीपर्यंत?

तळटीप

स्किझोफ्रेनियावर इथे याआधी धागे येऊन गेलेत, पण बहुतेक सगळे लक्षणं आणि निदान इथपर्यंतच थांबलेत. मला त्यापुढचं बोलायचंय. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, माणूस सावरला. पुढे काय? धाकट्या भावाच्या बाबतीत आम्ही आता त्याच टप्प्यावर आहोत. भासाचे आवाज थांबलेत, तो नोकरी करतो, आणि 'अजून किती दिवस घ्यायच्या?' हा प्रश्न घरात रोजचा झालाय. डॉक्टर म्हणतात, चालू ठेवा. इंटरनेटवर निम्मे म्हणतात जन्मभर, निम्मे म्हणतात विष आहे, आजच फेकून द्या. दोन्हीकडचा आवेश बघून वैताग आला, म्हणून मूळ शोधनिबंधच वाचायला बसले. मी डॉक्टर नाही. आकडेवारी हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे तक्ते वाचता येतात, इतकंच.

आधी थोडा इतिहास, कारण पुढच्या गोंधळाची मुळं त्यात आहेत. पहिलं अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचं औषध, क्लोरप्रोमाझिन. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीत ते तयार झालं. आंरी लाबोरी नावाचे सर्जन शस्त्रक्रियेतला शॉक टाळण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं, की हे दिल्यावर रुग्ण जागा असतो, पण भोवतालच्या गोष्टींशी त्याला फारसं देणंघेणं उरत नाही. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकर यांनी ते मनोविकाराच्या रुग्णांना पद्धतशीर देऊन पाहिलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. हे मेंदूत नेमकं काय करतं, ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. अर्विद कार्लसन यांनी १९६३ मध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाकडे बोट दाखवलं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं, की जे औषध डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरला (पेशीवरची, डोपामिन जिथे चिकटतं ती जागा) जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. औषध आधी आलं, त्याचं स्पष्टीकरण वीसेक वर्षांनी.

आता मुद्द्याचे आकडे. २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये स्टेफान लॉयश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, साधारण साडेसहा हजार रुग्ण. सगळे औषधावर स्थिरावलेले. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींना नकळत प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) दिला. वर्षभरात औषधवाल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, प्लासिबोवाल्यांपैकी ६४ टक्के. मानसोपचारात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. शरीराच्या इतर आजारांवरची कितीतरी औषधं यापुढे फिकी पडतील.

पण तोच तक्ता भावाच्या नजरेने वाचला, की दुसरं काही दिसतं. प्लासिबोवर असलेल्या शंभरातल्या ३६ जणांना वर्षभर काहीच झालं नाही. आणि औषध नियमित असूनही २७ जणांना झालं. 'मी त्या ३६ मधला नाही कशावरून?' असं तो विचारतो. त्याला काय सांगू? आधीच ओळखता येईल अशी चाचणी अजून निघालेली नाही.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचणार.

कोरडेपाषाण

चांगला धागा. पण त्या ६५ चाचण्यांमधली एक गोम राहिली. स्थिरावलेल्या माणसाची गोळी एकदम काढून घेतली, तर जे होतं त्याला आजार म्हणायचं की औषध सुटल्याचा झटका? मेंदू वर्षानुवर्षं डी-२ अडवलेल्या स्थितीत राहिला, की तो जास्त संवेदनशील होतो. अशा वेळी अचानक औषध काढणं म्हणजे प्रयोगाचा निकाल आधीच लिहून ठेवणं.

दुसरं, पैसा कोणाचा ते बघा. २००६ मध्ये एक गमतीदार निबंध आला होता. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन वगैरे नव्या औषधांच्या आपापसातल्या, कंपन्यांनी पैसे पुरवलेल्या चाचण्या तपासल्या. १० पैकी ९ चाचण्यांत ज्या कंपनीचा पैसा तिचंच औषध सरस! अ हे ब पेक्षा चांगलं, ब हे क पेक्षा, आणि क हे अ पेक्षा. हे कसं जमतं? प्रतिस्पर्ध्याच्या औषधाचा डोस गैरसोयीचा ठेवायचा, सोयीचा मापदंड निवडायचा.

तळटीप

कोरडेपाषाण, दुसरा मुद्दा मान्य. पहिल्याबद्दल त्याच निबंधात वेगळं विश्लेषण आहे. औषध एकदम थांबवलेल्या आणि हळूहळू थांबवलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तरी फरक जवळपास तितकाच राहिला. अर्थात तिथलं 'हळूहळू' म्हणजे बऱ्याच ठिकाणी काही आठवडे. आता काही संशोधक महिने किंवा वर्षं म्हणतायत. तेव्हा तुमची शंका अर्धी उरतेच.

उंबरठा

मी मनोविकार विभागात काम करते, म्हणून थोडं.

सरकारी पैशाने झालेली मोठी चाचणी हवी असेल तर अमेरिकेतली 'केटी' बघा, २००५ ची. जवळपास दीड हजार रुग्ण. चार नवी औषधं आणि एक जुनं, पर्फेनाझिन. सगळ्यांची अपेक्षा होती की नवी औषधं जुन्याला धुऊन काढतील. झालं भलतंच. १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के लोकांनी दिलेलं औषध या ना त्या कारणाने सोडलं. ओलान्झापिनवरचे थोडे जास्त टिकले, पण वजन आणि साखर त्यांचीच जास्त वाढली. पर्फेनाझिन बाकीच्यांच्या पंक्तीला आरामात बसलं. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या 'कटलास' चाचणीतही जुन्या गटाची औषधं घेणाऱ्यांचं जगणं नव्यांपेक्षा वाईट आढळलं नाही.

माझ्या मते ७४ हा आकडाच या विषयातला सर्वांत बोलका आहे. रुग्ण गोळी का सोडतात? आमच्याकडे सर्रास 'त्याला आजाराची जाणीव नाही' असं लिहून मोकळे होतात. जाणीव नसते हे बऱ्याचदा खरंही असतं. पण पायात सतत वळवळ, एका जागी बसवत नाही, वर्षात १०-१२ किलो वजन, लैंगिक इच्छा गेलेली, सकाळी डोकं जड. हे सोसणाऱ्या माणसाने गोळी सोडली तर त्यात जाणिवेचा अभाव कुठे आला?

मधली_सुट्टी

रुग्ण बोलतोय. या धाग्यावर अजून एकही दिसला नाही, म्हणून.

माझ्यावर दोन औषधं वाया गेली. पूर्ण डोस, पुरेसे आठवडे, नेमाने घेऊन. तिसरं क्लोझापिन. आवाज पूर्ण गेले असं नाही, पण शेजारच्या खोलीत रेडिओ चालू असावा तितके उरलेत, दुर्लक्ष करता येतं. त्यासाठी मी काय देतो? रक्ताच्या तपासण्या. उशी ओली होईल इतकी लाळ. बद्धकोष्ठ, जिची थट्टा करू नये कारण क्लोझापिनवर आतडी बंद पडून माणसं दगावलेली आहेत. आणि झोप, अमर्याद झोप.

तरी मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, हे मला तीन वर्षं आधी द्यायला हवं होतं. मधल्या काळात नोकरी गेली, मित्र गेले.

रसायनी

मधली_सुट्टी, तुमच्या पोस्टला सलाम.

क्लोझापिनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरल्या आणि ८ जण दगावले. औषध बऱ्याच देशांत मागे घेतलं गेलं. जवळपास मेलेलंच. पण ज्या डॉक्टरांनी ते वापरलं होतं, त्यांना इतर कशानेही न हललेले रुग्ण सुधारताना दिसले होते. मग १९८८ मध्ये जॉन केन यांची चाचणी आली. मुद्दाम असे २६८ रुग्ण निवडले की ज्यांच्यावर आधीची औषधं हरली होती. ६ आठवड्यांत क्लोझापिनवरचे ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवरचे ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. आजही दोन औषधं अपयशी ठरल्यावर ज्याच्यामागे भक्कम पुरावा आहे असं हे एकच.

गंमत अशी, की क्लोझापिन डी-२ ला सैलसरच चिकटतं. वर आलेल्या सीमन यांच्या निष्कर्षाच्या हिशेबाने ते इतकं प्रभावी असायला नको. याचा एक धागा पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा माग काढणाऱ्या चित्रांच्या, अभ्यासांतून मिळतो. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिन तयार करण्याची क्षमता सरासरीने वाढलेली दिसते. पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ती वाढ दिसत नाही. त्यांचा बिघाड बहुधा दुसरीकडे आहे, मग डोपामिन अडवून काय होणार? एकाच नावाखाली दोन किंवा जास्त आजार नांदत असावेत, असं माझं मत होत चाललंय.

घुबड१२

ध्यानधारणा, आहार याबद्दल कोणीच बोलत नाही. मुळात हा विचारांचा आजार आहे, मन शांत केलं की

व्यवस्थापक

घुबड१२, 'गोळ्या थांबवा' हा सल्ला असलेला प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. चर्चा करा, औषधं बंद करायला सांगू नका.

उंबरठा

घुबड, औषधाशिवायच्या गोष्टींवर संशोधन आहे, आणि दणदणीत आहे. लंडनमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत अभ्यास झाले. दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या घरात टोचून बोलणं, सतत टीका किंवा गुदमरवणारी काळजी जास्त होती, त्यांचा आजार लवकर उलटला. त्यातून कुटुंबाला बरोबर घेऊन करायचे उपचार निघाले, आणि त्यांनी रिलॅप्स (आजार उलटणं) कमी होतात हे पुन्हा पुन्हा दिसलंय. २०१५ मध्ये आलेल्या 'रेझ' अभ्यासात पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ४०४ जणांवर काम झालं: कमी डोस, कुटुंबाशी संवाद, शिक्षण-नोकरीला हातभार, असं सगळं एकत्र. नेहमीच्या उपचारांपेक्षा निकाल चांगला आला. त्यातली बोचणारी गोष्ट वेगळीच. लक्षणं दिसल्यापासून उपचार मिळेपर्यंत मध्ये गेलेला काळ, मध्यक ७४ आठवडे. आणि ज्यांचा हा काळ कमी होता त्यांनाच फायदा जास्त झाला. दीड वर्ष माणूस घरात एकटा आवाजांशी भांडतोय आणि आपण 'अभ्यासाचं टेन्शन असेल' म्हणतोय.

कोरडेपाषाण

पुन्हा औषध बंद करण्याकडे येतो. नेदरलँड्समधल्या वुंडरिंक यांचा २०१३ चा अभ्यास कोणी काढलाच नाही. पहिल्या एपिसोडमधून सावरलेले रुग्ण. एका गटाचा डोस कमी किंवा बंद केला, दुसऱ्याचा चालू ठेवला. ७ वर्षांनी १०३ जण पुन्हा तपासले. पूर्ण बरे, म्हणजे लक्षणंही नाहीत आणि कामधंदाही नीट, असे पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात जेमतेम १८. मग?

दुसरं, माकडांवरचा प्रयोग. मकाक माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडोल किंवा ओलान्झापिन दिलं, मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. त्या माकडांना स्किझोफ्रेनिया नव्हता.

तळटीप

वुंडरिंक वाचलाय, कारण भावाने तोच माझ्या तोंडावर फेकला होता. ठरवून दिलेले उपचार पहिली दोन वर्षंच होते. त्यानंतरची पाच वर्षं ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काढली. सुरुवातीच्या काळात कमी करणाऱ्या गटात रिलॅप्स जास्त झाले. आणि 'कमी किंवा बंद' गटातल्या बहुतेकांना औषध पूर्ण थांबवणं जमलंच नाही. १०३ माणसांवरून इतका मोठा निष्कर्ष काढायला मी धजणार नाही. पण तो कचऱ्यात टाकायलाही नाही.

याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये 'रेडार' चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये. तीही जोआना मोन्क्रीफ यांच्या नेतृत्वाखाली, ज्या स्वतः या औषधांच्या कडक टीकाकार आहेत. त्यामुळे कंपनीधार्जिणेपणाचा आरोप तिथे चालणार नाही. २५३ रुग्ण, बरीच वर्षं आजारी असलेले. काही महिन्यांत हळूहळू डोस कमी करत नेला. अपेक्षा होती की माणूस जास्त मोकळा होईल, लोकांत मिसळेल. २ वर्षांनी सामाजिक जगण्यात फरक शून्य. गंभीर रिलॅप्स मात्र डोस कमी केलेल्यांत २५ टक्के, चालू ठेवलेल्यांत १३ टक्के. हा निकाल वाचून मला वाईट वाटलं, खरं सांगते. मला उलटा हवा होता.

रसायनी

मेंदूच्या आकाराबद्दल: माकडांचा प्रयोग खरा आहे. माणसांतही नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की ज्यांच्या वाट्याला जास्त औषध आलं त्यांच्या मेंदूचं आकारमान जास्त घटलं. पण जास्त आजारी माणसालाच जास्त औषध मिळतं, हा गुंता तिथे पूर्ण सुटत नाही. गोळी चुकवायचं कारण मी त्यात शोधणार नाही, अनावश्यक जास्त डोस टाळायचं कारण नक्की शोधेन.

उलट बाजूला फिनलंडमधली रुग्णनोंदणी आहे. ६२ हजारांवर रुग्ण, २० वर्षांपर्यंतचा मागोवा. औषध न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त, आणि सर्वांत कमी क्लोझापिनवाल्यांत. हाही निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास आहे. नेमाने गोळी घेणारा माणूस बाकीच्या बाबतीतही तब्येत सांभाळत असेल. पण 'ही औषधं सरसकट आयुष्य कमी करतात' असं म्हणणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

आणि डोसचं एक साधं गणित, जे दवाखान्यात कोणी सांगत नाही. पेट स्कॅनवरून दिसतं की डी-२ रिसेप्टर साधारण ६५ टक्के अडवले की गुण येतो. ८० च्या आसपास गेलं की थरथर, ताठरपणा सुरू होतो. मधली पट्टी अरुंद आहे. डोस आणि ही टक्केवारी यांचं नातं सरळ रेषेचं नाही. आलेख सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. म्हणून मोठा डोस निम्मा केला तरी अडवलेल्या रिसेप्टरमध्ये फारसा फरक पडत नाही; पण शेवटचा एखादा मिलिग्रॅम काढला की धाडकन पडतो. डोस कमी करायचाच असेल, तर शेवटी शेवटी पावलं अगदी लहान टाकायची, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीत, ती याच कारणाने.

लॉयश्ट यांच्याच २०२१ च्या विश्लेषणात दिसतं, की स्थिरावलेल्या रुग्णांत दिवसाला ५ मिलिग्रॅम रिस्पेरिडोनच्या तोडीच्या डोसपुढे रिलॅप्स टाळण्याचा फायदा फारसा वाढत नाही. दुष्परिणाम मात्र वाढतात.

तळटीप

रसायनी, याचीच वाट बघत होते. घरातलं सगळं भांडण 'चालू' विरुद्ध 'बंद' असं चाललंय, आणि मला वाचून वाचून वाटायला लागलंय की प्रश्नच चुकीचा मांडलाय. भावाचा डोस तुम्ही म्हणता त्या सपाट भागात बराच आत आहे. रुग्णालयात, आजार ऐन भरात असताना ठरलेला, आणि नंतर कोणी त्याला हातच लावलेला नाही. डॉक्टरांना 'बंद करू का' विचारलं की ते घाबरतात, आणि आकडे बघता बरोबरच घाबरतात. 'किती कमी डोसवर हा स्थिर राहील, ते आपण वर्षभर सावकाश शोधू या का' असं विचारायला हवं. आणि घसरण सुरू होतेय याच्या खुणा कोणत्या (त्याच्या बाबतीत झोप तुटणं आणि मोबाइल उशीखाली लपवणं), त्या दिसल्या तर लगेच काय करायचं, हे आधीच त्याच्याशी बसून लिहून ठेवायचं.

वाचनमात्र

वाचून झालं. २०२४ मध्ये जे नवीन औषध आलं म्हणून गाजावाजा झाला, त्याचं काय?

रसायनी

झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांची जोडगोळी. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता. डी-२ ला हात न लावणारं, अॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाच्या मस्करिनिक रिसेप्टरवर चालणारं. झॅनोमेलिन मुळात १९९०च्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं होतं. त्या रुग्णांचे भास आणि संशय कमी झाले, पण मळमळ-उलट्यांनी ते मागे पडलं. मग कोणाला तरी सुचलं, की जोडीला असं औषध द्यावं जे मेंदूत शिरत नाही आणि बाकी शरीरातला त्रास अडवतं. ते ट्रॉस्पियम. कल्पना झकास! वजन वाढत नाही, थरथर नाही. मळमळ, बद्धकोष्ठ आहेतच.

पण मान्यतेच्या मुख्य चाचण्या ५ आठवड्यांच्या होत्या. दुसऱ्या अँटिसायकोटिकला जोड म्हणून दिलेल्या चाचणीत २०२५ मध्ये ठरलेला पल्ला गाठता आला नाही. याच वाटेवरचं एमराक्लिडिन नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लासिबोपुढे हरलं. विचारांच्या मंदपणावर ग्लायसिन या मेंदूतल्या रसायनाच्या मार्गाने जाणारं आयक्लेपर्टिनही २०२५ च्या सुरुवातीला पडलं. आणि नोकरी, नाती खातात ती मुख्यतः हा मंदपणा, एकलकोंडेपणा, निरुत्साह हीच लक्षणं. आनंद आहे, पण हात राखून.

मधली_सुट्टी

थोडं अवांतर, पण रसायनी इथे आहेत तोवर विचारून घेतो. परवापासून सिगारेट सोडलीय. मला कोणीतरी म्हणालं क्लोझापिनवर त्याचा परिणाम होतो. खरंय का? निकोटिनचं च्युइंगगम घेतोय.

रसायनी

खरंय, आणि दुर्लक्ष करू नका. तंबाखूच्या धुरातल्या हायड्रोकार्बनांमुळे यकृतातलं क्लोझापिन मोडणारं एन्झाइम जोरात चालतं. धूर बंद झाला की ते मंदावतं, आणि त्याच डोसवर रक्तातली पातळी आठवड्याभरात चांगलीच चढू शकते. जास्त गुंगी, लाळ, धडधड, अगदी झटकेसुद्धा येऊ शकतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे च्युइंगगमने पातळी खाली राहणार नाही. च्युइंगगम खुशाल घ्या. डोसला स्वतः हात लावू नका, डॉक्टरांना आजच कळवा आणि रक्तातल्या क्लोझापिनची पातळी तपासायची का ते विचारा. ती शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी बघतात. आणि पुन्हा ओढायला लागलात तर तेही सांगा, कारण मग पातळी उलट उतरते.

मधली_सुट्टी

फोन केला. बुधवारी रक्त द्यायला बोलावलंय.